हॉलमधली मोझॅकची फरशी फोडू नका

"ताई, आम्ही ठाण्यात नौपाड्याला राहतो. इमारत १९८४ ची, घर दोन बेडरूमचं, कार्पेट सव्वासहाशे चौरस फूट. आम्ही दोघं नोकरीवाले, सहा आणि दहा वर्षांची मुलं, ७४ वर्षांच्या सासूबाई आणि एक कुत्रा. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, काठी घेऊन चालतात. सगळ्या घरात जुनी मोझॅकची फरशी आहे. तिची चमक गेलीय, डाग पडलेत, हॉलमधल्या दोन लाद्यांना तडे गेलेत, स्वयंपाकघरातल्या (१० बाय ८) तर तीन-चार फुटल्याच आहेत. दोन्ही बाथरूमही करायची आहेत. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, सगळं उखडून चार बाय दोनच्या पांढऱ्या चकचकीत टाइल्स टाकू, घर मोठं दिसेल. नवऱ्याला लाकडी फ्लोअरिंग हवंय. सासूबाई म्हणतात, पॉलिश करा, बास झालं. मला घर सुंदर दिसायला हवंय, पण दर पाच वर्षांनी हा राडा परत काढायची ताकद नाही. दिवाळीआधी उरकायचंय. काय करू?"

नौपाड्याच्या मैत्रिणीस सप्रेम नमस्कार.

तुमच्या घरातल्या तीन मतांपैकी मला सासूबाईंचं मत पटलं. त्या वयाने मोठ्या आहेत म्हणून हे म्हणत नाही. बावीस वर्षं मी लोकांच्या घरांची कामं करते आहे, आणि सुरुवातीच्या काळात मीच कितीतरी घरांतली चांगली मोझॅकची फरशी फोडायला लावली. त्यातली बरीचशी ठेवता आली असती. पुढे त्यातल्याच काही घरांत दहा वर्षांच्या आत टाइल्स बदलायला मला परत बोलावणं आलं, तेव्हा त्या जुन्या लाद्या डोळ्यांपुढे यायच्या.

तुमच्या पायाखाली काय आहे ते नीट समजून घ्या, म्हणजे कॉन्ट्रॅक्टरशी बोलताना बळ येईल. त्या काळातली मोझॅकची लादी बहुतेक वेळा दहा बाय दहा इंचाची आणि २२ मिलिमीटर जाड असते. खाली साधं सिमेंट-वाळूचं अंग, आणि वर संगमरवराची खडी सिमेंटमध्ये दाबून बसवलेला पाच-सहा मिलिमीटरचा थर. तुम्हाला दिसते ती नक्षी या अख्ख्या थरात खोलवर गेलेली असते. चाळीस वर्षांच्या पावलांनी आणि फिनेलच्या पाण्याने गेलं आहे ते फक्त वरचं पॉलिश. मशीन फिरवलं की वरचा अगदी पातळ पापुद्रा निघतो आणि खालून तीच खडी ताजी होऊन वर येते. आता दुकानात मिळणारी छापील चकचकीत टाइल घ्या. तिच्यावरचं चित्र म्हणजे झिलईखालचा कागदाइतका पातळ थर. तो झिजला किंवा टवका उडाला की खाली वेगळ्याच रंगाची माती दिसते, आणि तिला परत पॉलिश नाही.

आज संध्याकाळी एक करून बघा. सोफ्याखालची, कमी वावराची एक लादी साबणाने घासून धुवा आणि ओली असतानाच बघा. ओल्या लादीचा जो रंग दिसेल, पॉलिशनंतरचा रंग साधारण त्याच्या जवळ जाणारा असतो. नवऱ्यालाही बोलावून दाखवा.

तुम्हाला सौंदर्याची काळजी आहे आणि ती योग्यच आहे, रोज डोळ्यांसमोर असणारी गोष्ट आहे. पण टाइल्सच्या दुकानात एक चक्कर मारा. 'टेराझो' नावाने महागातल्या टाइल्स मांडलेल्या दिसतील. टेराझो म्हणजे आपला मोझॅकच, आणि त्या टाइल्सवर बहुतेक वेळा त्याचं नुसतं चित्र छापलेलं असतं. तुमच्या घरात अस्सल पडलेलं आहे. सिमेंटच्या लाद्यांचा हा वारसा आपल्याकडे शंभर वर्षांचा आहे. परदेशी टाइल्सना तोडीस तोड माल इथेच करायचा म्हणून स्वदेशीच्या भरात १९२२ साली मुंबईत 'भारत फ्लोअरिंग्ज' सुरू झाली. दक्षिण मुंबईतल्या जुन्या इमारतींचे जिने आणि लॉबी चढून बघा, दोन-तीन पिढ्यांनी तुडवलेल्या त्या फरश्या आजही थांबून बघाव्यात अशा आहेत. तुमच्या हॉलमध्ये त्या फरशीला साजेशा फिक्या भिंती, सागवानी रंगाचं फर्निचर आणि एखादी जाड विणीची सतरंजी असली की कुणी 'जुनी फरशी' म्हणणार नाही. फक्त सतरंजीखाली न घसरणारी जाळी घाला, काठी अडकते.

हॉलमधल्या तडे गेलेल्या दोन लाद्यांची चिंता नको. स्वयंपाकघरातली फरशी आपण काढणारच आहोत. तिथल्या ओट्याखालच्या, फ्रीजखालच्या चांगल्या लाद्या मिस्त्रीला हलक्या हाताने, छिन्नीने काढायला सांगा आणि त्या हॉलमध्ये बसवा. एकाच वेळच्या लाद्या असल्याने खडी जुळते, आणि पॉलिश एकत्र झालं की नवी कुठली ते शोधून सापडत नाही. कामाच्या पहिल्या दिवशीच हे सांगून ठेवा, नाहीतर फोडणारा माणूस तासाभरात सगळ्याचा चुरा करून गोणीत भरतो.

पॉलिशवाल्याशी बोलताना दोन गोष्टी पक्क्या करा. एक, काम पाण्याचं आहे, राखाडी चिखल होतो, म्हणून कपाटांच्या पायांना आणि दारांच्या चौकटींना आधी प्लास्टिक लावायचं. कडेचं स्कर्टिंग हातमशीनने करायचं. 'तेवढं राहू दे' म्हणत बरेच जण ते टाळतात, आणि मग उजळ फरशीला मळकट काठ राहतो. दुसरी गोष्ट तुमच्या घरासाठी जास्त महत्त्वाची. जाड दगडापासून बारीक दगडापर्यंत हात फिरवल्यावर शेवटी आरशासारखी चमक आणायचा आग्रह ते धरतील, वर एखादं चमकीचं कोटिंगही सुचवतील. दोन्ही नको. मऊ, मंद चकाकी आली की थांबायला सांगा. कोटिंग वर्षा-दोन वर्षांत ठिकठिकाणी निघतं आणि फरशीला कोड फुटल्यासारखं दिसतं. आणि मोझॅक असला तरी आरसा-पॉलिश ओलं झालं की घसरतंच.

त्या पांढऱ्या चकचकीत टाइल्सना माझा विरोध याच कारणाने आहे, आणि तो मी नुसता पुस्तकातून काढलेला नाही. वडिलांच्या घरासाठी अशी टाइल मीच निवडली होती. जुलैतली सकाळ होती, गॅलरीचं दार उघडं राहिलेलं, पावसाची झड आत आली होती. पांढऱ्या चकचकीत फरशीवर पाणी दिसत नाही. वडील दूध घ्यायला दाराकडे निघाले आणि पडले. खुबा मोडला. ऑपरेशननंतर ते चालायला लागले, पण काठीशिवाय पुन्हा कधी चालले नाहीत. तेव्हापासून ज्या घरात साठीपुढचं माणूस किंवा रांगतं मूल आहे तिथे मी चकचकीत टाइल बसवून देत नाही, काम गेलं तरी चालेल. यामागचं कारण साधं आहे. अशा टाइल्स बहुधा व्हिट्रिफाइड असतात, म्हणजे भट्टीत काचेसारख्या घट्ट भाजलेल्या. व्हिट्रिफाइड टाइल अर्ध्या टक्क्यापेक्षा कमी पाणी शोषते. टिकाऊपणासाठी हा गुण मोठा, पण सांडलेलं पाणी जिरत नाही, वरच पातळ पडदा धरून बसतं. गुळगुळीत पृष्ठभागावर तो पडदा पाय आणि टाइल यांच्यामध्ये येतो. चार बाय दोनच्या टाइलला सांधेही कमी, म्हणजे पायाला अडायला काहीच नाही. शिवाय पांढऱ्यावर कुत्र्याचा प्रत्येक केस आणि मुलांच्या पायाचा प्रत्येक ठसा दिसणार. लादी पुसणाऱ्या मावशी गेल्यावर अर्ध्या तासात तुम्ही पुन्हा फडकं घेऊन उभ्या राहाल. ठिपक्याठिपक्यांचा मोझॅक हे सगळं पोटात घेतो.

आता नवऱ्याच्या लाकडी फ्लोअरिंगबद्दल. त्यांना सरळ नाही म्हणू नका, त्यांचीही हौस आहे. फक्त 'लॅमिनेट' घेऊ नका. त्याच्या पोटात लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड असतो, आणि ठाण्याच्या पावसाळ्यात ओल्या फडक्याने रोज पुसलं की सांध्यांवर तो फुगतो. फुगलेला बोर्ड परत बसत नाही. एसपीसी नावाच्या पट्ट्या मिळतात. दगडाची भुकटी आणि प्लास्टिक यांच्या, वर लाकडाचा छाप, चार ते सहा मिलिमीटर जाड, एकमेकींत अडकवायच्या. पाण्याने त्या फुगत नाहीत. कुत्र्याची नखं लक्षात घेऊन वरचा झीज-थर ०.५ मिलिमीटरचा मागा, ०.३ चा स्वस्तात देतील. तुमच्या दोघांच्या बेडरूममध्ये त्या पट्ट्या मोझॅकवरच अंथरता येतील, काही फोडावं लागत नाही. खालची फरशी मात्र सपाट हवी, खड्डा-उंचवटा असला की पट्टीचे सांधे तुटतात. भिंतीलगत बोटभर जागा सोडायची, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. ती सोडली नाही तर उन्हाच्या खिडकीपाशी पट्ट्या फुगून वर येतात. दार खालून थोडं तासावं लागेल, आणि दारात जी पातळ पायरी तयार होते तिला उताराची पट्टी लावायची.

बेडरूमसाठी हे सुचवण्यामागे आणखी एक विचार आहे. इमारत १९८४ ची म्हणजे तुमच्या सोसायटीत रीडेव्हलपमेंटची चर्चा कधी ना कधी निघणार, कदाचित निघालीही असेल. कामाला हात लावण्याआधी सेक्रेटरींना गाठून खरी परिस्थिती विचारा. चार-पाच वर्षांत घर रिकामं करायची शक्यता असेल तर सगळ्या घरात नवी फरशी घालणं म्हणजे पैसे मातीत घालणं. एसपीसी निदान उचलून नेता येतं, आणि पॉलिशला नव्या फरशीच्या मानाने फार थोडा खर्च येतो.

स्वयंपाकघराचं गणित मात्र वेगळं. तिथे मी मोझॅक ठेवा म्हणणार नाही. त्यातली खडी संगमरवराची, आणि लिंबू, चिंच, कोकम, लोणच्याचा खार यांतलं आम्ल संगमरवराला खातं. तुमच्या ओट्यासमोरचे ते निस्तेज पट्टे बहुधा त्याचेच असतील. कोटा, शहाबाद, कडप्पा हे तिन्ही चुनखडीचे दगड, म्हणून त्यांचीही हीच तक्रार; पण सांडल्याबरोबर पुसायची सवय असेल तर कोट्यासारखा प्रेमळ दगड नाही, उन्हाळ्यात पायाला जो गारवा देतो तो कुठली टाइल देत नाही. तुमच्या धावपळीच्या घरात ती सवय टिकणं कठीण दिसतं, तेव्हा स्वयंपाकघरात मॅट फिनिशची व्हिट्रिफाइड टाइल, दोन बाय दोन, मधल्या राखाडी किंवा वाळूच्या रंगाची. झिलईची टाइल घेत असाल तर झिजेचा पीईआय दर्जा ४ किंवा त्यावर आहे ना ते बघा.

दुकानात गेलात की दिव्याखाली टाइल पसंत करू नका, तिथले दिवे काहीही सुंदर दाखवतात. दोन-तीन नमुने घरी आणा, ओट्यासमोर आठवडाभर ठेवा. त्यावर हळद-तेलाचं बोट ओढून रात्रभर राहू द्या आणि सकाळी पुसा. फार खरखरीत मॅट असेल तर डाग आणि मळ खाचांत बसतो, फार गुळगुळीत असेल तर घसरतं. हाताला पिठी लागल्यासारखा मधला पोत हवा. एकाच डिझाइनच्या दोन टाइल्स समोरासमोर तोंडं करून एकमेकींवर ठेवा. मध्ये फट दिसली किंवा वरची डोलली तर माल वाकडा आहे. चार बाय दोनच्या टाइल्समध्ये हा वाकडेपणा जास्त सापडतो. आणि नमुन्यावर पाणी शिंपडून सासूबाईंना अनवाणी पाय ठेवायला सांगा, तुम्ही त्यांचा दंड धरून. त्यांचा पाय जिथे निर्धास्त पडेल ती टाइल घ्या.

दोन बाय दोनच्या एका खोक्यात बहुधा चार टाइल्स असतात, म्हणजे साडेपंधरा चौरस फूट. तुमचं स्वयंपाकघर ८० चौरस फूट, कापाकापीचे दहा टक्के धरून ८८, म्हणजे सहा खोकी. सगळ्या खोक्यांवरचा बॅच आणि शेडचा नंबर एकच आहे हे टेम्पोतून उतरवतानाच बघा. दोन बॅचमधला फरक दुकानात कळत नाही, घरात बसवल्यावर रोज दिसतो. उरलेल्या टाइल्स माळ्यावर जपून ठेवा. दहा वर्षांनी एक टाइल फुटली तर तेच डिझाइन बाजारात मिळणार नाही.

आता जे सांगते ते टाइलच्या निवडीहून मोठं आहे. टाइल टिकते ती बसवण्यावर. एका ओळखीच्या कुटुंबाच्या नव्या घरात जानेवारीतल्या रात्री दोन वाजता हॉलमधून दाणकन आवाज आला. चोर शिरला म्हणून सगळे उठले. बघतात तर चार टाइल्स तंबूसारख्या उभ्या राहिलेल्या. दोन टाइल्समध्ये फट सोडलीच नव्हती, आणि प्रत्येक टाइलखाली सिमेंटचे पाच गोळे टाकून ती नुसती ठोकली होती. वर्षानुवर्षं स्लॅब थोडा आकसतो, ऊन-थंडीने टाइल प्रसरते-आकसते, आणि फट नसली की टाइल्स एकमेकींना रेटतात. पाणी न शोषणाऱ्या टाइलला साध्या सिमेंटची पकड कमी, त्यात खाली पोकळी. म्हणून मिस्त्रीला आधीच स्पष्ट सांगा: व्हिट्रिफाइडला टाइल ॲडेसिव्ह, दातेरी थापीने सगळीकडे सारखं पसरलेलं, गोळे चालणार नाहीत. टाइल्समधली फट सारखी राखणारे दोन मिलिमीटरचे स्पेसर हवेतच. भिंतीपाशीही थोडी फट सोडायची. सांध्यांत राखाडी इपॉक्सी ग्राउट भरा. पांढऱ्या सिमेंटचे सांधे हळदीने पहिल्या महिन्यातच पिवळे होतात.

काम झालं की काठीच्या टोकाने एकेक टाइल ठोकून बघा. भरीव आवाज यायला हवा. पोकळ आवाज आला तर खडूने फुली मारा आणि ती टाइल काढून परत बसवल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. सिमेंटचे डाग काढायला मिस्त्री ॲसिड आणेल, ते घरात येऊ देऊ नका. त्याने शेजारचा मोझॅक खराब होतो.

हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये उंचवटा अजिबात नको. जुनी लादी २२ मिलिमीटरची, नवी टाइल त्याच्या निम्म्या जाडीची. म्हणून जुना थर काढल्यावर खालचा कोबा तेवढा वर घेऊन दोन्ही फरश्या एका पातळीत आणायच्या. अर्ध्या सेंटिमीटरचा काठ तुम्हाला कळणारही नाही, पण गुडघा पूर्ण न वाकणारं माणूस नेमकं त्यालाच अडखळतं.

बाथरूमला एक बाय एकच्या अँटीस्किड टाइल्स, आर-१० किंवा आर-११ दर्जाच्या (हा न घसरण्याचा दर्जा, आकडा मोठा तेवढी पकड जास्त). लहान टाइलने ढाळ नीट देता येतो आणि सांधे जास्त म्हणून पायाला पकड मिळते. फोडल्यावर वॉटरप्रूफिंग करून चोवीस तास पाणी साठवून ठेवा आणि खालच्या शेजाऱ्यांच्या छताला ओल येते का ते बघा. ही चाचणी झाल्याशिवाय वर एकही टाइल बसवू देऊ नका. ढाळ बादलीभर पाणी ओतून तपासायचा, पाणी आपणहून जाळीकडे गेलं पाहिजे. टाइल्स बसवत असतानाच कमोडशेजारी आणि नळाजवळ आधाराचे दांडे लावून घ्या.

दिवाळीआधी हे सगळं होणार नाही, आणि ओढूनताणून करू नका. आधी स्वयंपाकघर. मग हॉल आणि मुलांच्या खोलीत पॉलिशचे पहिले हात. मग रंग, आणि रंगानंतर पॉलिशचा शेवटचा हात, म्हणजे रंगाचे थेंबही निघतात. बेडरूमच्या पट्ट्या सगळ्यात शेवटी. बाथरूम दिवाळीनंतर घ्या, एकेक करून. सासूबाईंना एक कायम वापरता आलं पाहिजे. पॉलिशचे दोन-तीन दिवस त्यांना नातेवाइकांकडे पाठवा, ओल्या चिखलात त्या घरी नकोत.

नंतरची देखभाल फार नाही. दाराबाहेर काथ्याचं पायपुसणं आणि आत सुती, अशी दोन ठेवा. चपलेबरोबर येणारी वाळू संगमरवरापेक्षा कितीतरी कठीण असते, फरशीची चमक तीच खाते. मोझॅक पुसायला साधं पाणी आणि थोडं सौम्य साबणाचं पाणी पुरतं. टॉयलेट क्लीनर, व्हिनेगर, लिंबू यांपासून त्याला लांब ठेवा. मावशींनाही हे बसून, समजावून सांगा.

पॉलिशवाल्याने पहिला दगड फिरवला आणि पाण्याने धुतलं की हॉलच्या त्या कोपऱ्याचा फोटो काढून पाठवा. तुमच्या लादीत कुठल्या रंगाची खडी आहे ते बघून पडद्यांचा आणि भिंतींचा रंग आपण ठरवू.